मागच्या काचेतलं नाम

कुंभकोणम्, ता. ९ जून १९९४

तीर्थस्वरूप वरदराज अण्णांचे सेवेसी,

रघूत्तमाचे साष्टांग दंडवत. इकडे सर्व क्षेम. तिकडचे क्षेम वहिनींच्या अक्षरात कळवावे. मागल्या खेपेस तुम्ही ‘जावई मिळाले’ लिहिलंत ते आम्ही ‘कावीळ मिळाली’ वाचलं आणि तुमच्या बहिणीनं आठ दिवस तुमच्यासाठी उपास केले.

मुद्दा तिचाच आहे. गेले दोन महिने अंबुजा आपल्या अँबॅसडरमध्ये पाऊल ठेवत नाही. चैत्रात दारासुरम्‌ला जाताना रस्त्यात शेळी आली, मी थांबलो, मागची भाजीची व्हॅन थांबली नाही. धक्का बेताचाच होता, पण मागच्या सीटवर अंबुजेच्या मानेला हिसका बसला. ती उतरली, “तुम्ही थांबलात हे मागच्याला कळेपर्यंत मी या गाडीत बसायची नाही,” म्हणाली आणि टाउन बसनं घरी गेली. तेव्हापासून बसच. मेकॅनिक सुंदररावांनी मागचे दिवे पाहिले, दोन्ही ठणठणीत आहेत म्हणाले आणि उगाच माझ्याकडे पाहत राहिले. (माणूस चांगला, पण दृष्टी अधू झाली असावी.) खरं सांगतो अण्णा, एकतीस वर्षं मागून “हळू, हळू” ऐकण्याची सवय; आता कोणी म्हणत नाही तर गाडी काढावीशीच वाटत नाही.

तेव्हा नवा ब्रेकचा दिवा स्वतःच करायचा ठरवलं. एका मासिकात एल.ई.डी.ची कृती होती. तिरुचीहून साठ लाल एल.ई.डी. आणले. या दिव्याला दोन पाय असतात, लांब तो अधिक, आखूड तो उणे. मी नीटनेटका माणूस; जोडण्याआधी सगळे पाय कात्रीनं एका मापाचे केले. मग कोणता अधिक नि कोणता उणे हे पाहायला टॉर्चचे सेल घेऊन चार दिवस बसलो. पाच-पाचांच्या बारा माळा केल्या. (माळेतला एक सुटला की पाचही जातात, हे पुढे उपयोगी पडेल.) साठ भोकं पाडण्याचा कंटाळा आला, तर तिरुनागेश्वरम्‌चा चंद्रमौली, जो देवळांच्या उत्सवांत रोषणाई लावतो, त्याच्या अडगळीत आयती भोकं पाडलेली प्लायवूडची फळी मिळाली. भोकं थोडी सैल होती, ती मेणानं बुजवली. फळी मागच्या काचेला लावली. ब्रेकच्या पेडलखाली वायर नेण्यापेक्षा स्टिअरिंगजवळ घंटीचं बटण बसवलं. हातानं दाबलं की दिवा लागतो, म्हणजे मागच्याला आधीच सूचना मिळते. ही सुधारणा मासिकातही नव्हती.

पहिल्याच दिवशी चौकात बटण दाबलं आणि मागून स्कूटर येऊन बंपरला टेकली. स्कूटरवर शंकरनारायण मास्तर. लागलं काही नव्हतं, पण हात अजून जोडलेलेच होते. तेव्हा कळलं. मी फळी मागून, वायरींच्या बाजूनं जोडलेली. पुढून ती भोकं म्हणजे पेरुमाळांचं, विष्णूच्या कपाळावरचं उभं नाम होतं. मी थांबलो की काचेत हातभर लाल नाम उजळे आणि अख्खा रस्ता हँडल सोडून नमस्कार करी.

एवढ्यावर भागलं असतं. पण कुंभकोणच्या उन्हात मेण वितळलं आणि सगळ्यात खालची माळ हलू लागली. तुम्ही पुण्याला जाऊन बावीस वर्षं झाली, विसरला असाल: अय्यंगारांच्या दोन पंथांत तेनकलैंच्या नामाला खाली नाकावर पाय असतो, वडकलैंच्या नामाला नसतो. ती खालची माळ म्हणजे नेमका पाय. खड्ड्यागणिक माझी गाडी संप्रदाय बदलू लागली. देवळासमोर सन्निधीच्या रस्त्यावर ओट्यावरचे दोन म्हातारे उठून आले आणि मी नक्की कुणाच्या बाजूचा ते विचारू लागले. मी म्हटलं, आम्ही माध्व, मराठी, आमचं गोपीचंदन वेगळं. त्यावर दोघंही एकदम माझ्यावरच रागावले. त्यांचं एकमत झालेलं गावानं प्रथमच पाहिलं असं म्हणतात.

तरी प्रयोग यशस्वी आहे. आता कोणी धडकत नाही. पाय आहे की नाही हे पाहायला सगळे वीस फूट मागेच थांबतात. काल अंबुजेला फाटकात उभी करून दिवा दाखवला. तिनं हात जोडले आणि बस पकडायला गेली.

वहिनींस नमस्कार, मुलांस आशीर्वाद.

आपला,
रघूत्तम

ता. क. पुण्यात न वितळणारा डिंक मिळत असल्यास पाठवावा.

ता. क. दुसरा: डिंक नसला तरी चालेल. अंबुजेला दोन ओळी लिहा की दिवा चांगला आहे, गाडीत बस. ती तुमचं ऐकते.

अण्णा, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून लिहिते. गाडीचे जुने दिवे पहिल्यापासून चांगलेच आहेत. ह्यांचा उजवा गुडघा वर्षभर वाकत नाही. पाय दाबवत नाही म्हणून हे हँडब्रेक ओढून गाडी थांबवतात, आणि हँडब्रेकनं मागचा दिवा लागत नाही. सुंदररावांनी हे मला सांगितलं, ह्यांना सांगायचा त्यांना धीर झाला नाही. मी बसले नाही तर गाडी काढणार नाहीत असं वाटलं, म्हणून हट्ट सोडला नाही. तर हे दिवे करत बसले. मला दुखतं असं एकदा म्हणाले असते तर मी भांडले असते का? तू रजा काढून ये आणि ह्यांना तंजावरला हाडांच्या डॉक्टरकडे ने. जाताना मी ह्यांच्या शेजारी मागे बसेन. गाडी मात्र तू चालव.

अंबुजा