खोका काढून, खोका जोडून

अहो,

अव्वांना सिव्हिलला नेतेय, रिक्षा दारात उभी आहे. सकाळी स्पीकरच्या टेस्टिंगला बंद केलेला तुमचा फोन अजून बंदच आहे, म्हणून तुमच्याच वहीत लिहितेय.

बाराला शाळेतून आले, तर अव्वांच्या खोलीचं मधलं दार बंद. गाणं नीट ऐकू यावं म्हणून तुम्ही पंखासुद्धा बंद करता, माहीत आहे मला. पण दुकानाला जाताना तरी दार उघडून जायचं की ओ! अव्वा पलंगावरून खाली पडल्या होत्या. हातात पितळी तांब्या, त्याला बुडाशी पोचे आलेले. श्वास चालू आहे, पण डोळे उघडत नाहीत. गळ्यातलं इष्टलिंग मी दवाखान्यात कुणाला काढू देणार नाही.

स्वतःच्या आईचं आधार कार्ड कुठं असतं, ते तरी ठाऊक आहे का? देव्हाऱ्याखालच्या डब्यात. ते आणि गोळ्यांची पिशवी घेऊन लगेच या.

स्पीकरला जोडायचा तो खोका आठ दिवस वापरून बघायला आणलाय. ठेवायचा की परत करायचा, हे आज ठरवणार होता ना? वही उघडीच होती, म्हणून सकाळचं वाचलं:

“खोका काढून: तबल्यामागं बारीक ठकठक येते. खोका जोडून: आधी थोडी, मग ठकठक पूर्ण गेली. आवाज एकदम स्वच्छ. दहापैकी नऊ.”

तांब्या तिथंच ठेवलाय. स्पीकर बंद करून एकदा फरशीवर आपटून बघा.