टोवेरासारखी झडप

९ जून, सोमवार
जेल संपलं! सोनोग्राफीचं मशीन आहे, चार्ज आहे, आणि छातीला लावायचं जेल तेवढं नाही. कसाव्याचं पीठ पाण्यात शिजवलं. चालतं. पूर्वीही केलंय.

दुपारी सरोवराकाठच्या कुठल्याशा गावातून बोटीने एक मुलगी आणली – म्विझा, वय आठ. ताप, धाप, पाय सुजलेले. बरोबर फक्त आजी. आज वॉर्डात नर्सही मीच आणि मशीनवालीही मीच. हृदयाचे डॉक्टर म्होनेसाहेब राजधानीत, फोनवर. पोर मशीन बघूनच रडायला लागली. मग माझं नेहमीचं – "आधी माझं, मग तुझं." गणवेशाच्या गळ्यातून प्रोब आत सरकवून छातीला टेकवला, स्वतःचं हृदय स्क्रीनवर दाखवलं. गप्प झाली.

आजीने जेलमध्ये बोट घातलं. "गुठळ्या आहेत. नवऱ्याला कसाव्याचं कोंडोवोलेही असंच वाढतेस?"
नवरा नाही म्हटलं.
"मग बरोबर आहे."
भांडं माझ्या हातातून घेतलं आणि पेशंटच्या नातेवाइकांसाठीच्या चुलीवर स्वतः शिजवायला गेली. मला ती तिथेच आवडली.

म्विझाचं हृदय जोरात चाललंय, भोवती पाणी नाही. झडप उघडताना गुडघ्यासारखी वाकते – माझ्यासारखीच. रजिस्टरात लिहिलं, 'झडप टोवेरासारखी'. टोवेरा म्हणजे मी; हा आमच्या वॉर्डातला जुना विनोद. चार वर्षांपूर्वी दहा दिवसांच्या शिबिरात मशीन शिकले, पुढचा सगळा सराव स्वतःच्या छातीवर – दुसरं कोण तासभर पडून राहणार? नंतर बाकीच्या नर्सनाही माझ्यावरच शिकवलं. काही मुलांची झडप सरळ, काहींची माझ्यासारखी वाकडी. नाकं नसतात का, कुणाचं सरळ, कुणाचं बसकं.

म्हणजे हृदय ठीक, न्यूमोनियाच. सलाईन चालू केलं.

१० जून
आजीचं जेल तलम, कोमट. कबूल करावं लागलं. "साठ वर्षं ढवळतेय," म्हणाली.

म्विझाला आडवं होता येत नाही, बसूनच डुलक्या घेते. गेल्या वर्षी हिचे गुडघे सुजले होते म्हणे. मी म्हटलं, माझेही सुजले होते, चौथीत असताना. महिनाभर शाळा बुडाली, मग आपोआप गेलं.

आज पुन्हा आधी माझं, मग तिचं. म्विझा स्क्रीन निरखत होती. "तुमचं नि माझं सारखंच आहे."
आजीने देवाचे आभार म्हणून हलक्या टाळ्या वाजवल्या. "म्हणजे तुझ्याएवढी होईल गं पोर." मलाही फार बरं वाटलं.

११ जून
वाईट दिवस. बाजारात होते तर निरोप आला – म्विझाचे ओठ निळे. हॉस्पिटलची चढण धावत आले आणि दारात मीच धापा टाकत भिंत धरून उभी. चाळिशी आली, आणि चहात चार चमचे साखर!

ऑक्सिजन वाढवला तरी धाप वाढतेच. पुन्हा प्रोब लावला. डावीकडचा वरचा कप्पा फुगलाय. हे आधी का दिसलं नाही? व्हिडिओ म्होनेसाहेबांना पाठवला. लगेच फोन.
"सलाईन बंद कर, आत्ता. पाणी उतरवायचं इंजेक्शन दे. झडप चिकटलीय तिची, पुरती उघडतच नाही. गुडघ्यांचा ताप हृदयाला लागलाय. तू ठीक कसं लिहिलंस?"
"साहेब, माझ्यासारखीच आहे."
 मग म्हणाले, "तुझाही व्हिडिओ पाठव."

इंजेक्शन देऊन झाल्यावर पाठवला. पोर मीच दिलेल्या पाण्यात बुडत होती. हे इथे लिहून ठेवायलाच हवं.

१२ जून
सकाळपर्यंत चार भांडी लघवी! ओठ गुलाबी. म्विझा आडवी होऊन झोपली.

१४ जून, शनिवार
म्विझाने आज उसिपा मागितले. एवढे एवढे मासे, डोकी माझ्या ताटात टाकत होती. साहेबांनी तिचं नाव ऑपरेशनच्या यादीत घातलंय.

आजीला सगळं सांगून टाकलं. चूक माझी होती, सलाईन मी लावलं. तिने माझ्यापुढे ताट सरकवलं. मी मान खाली घातली.
"कोंडोवोले माझ्या हातूनही करपतं," म्हणाली. "तू निदान वास आल्यावर उठलीस. जेव आता."
जेवले. रडूही आलं, जेवताना.

१६ जून, सोमवार
साहेबांचा फोन. माझी झडपही आजारी आहे. म्विझाचाच आजार, चौथीतल्या त्या गुडघ्यांपासूनचा. तपासणीसाठी राजधानीत बोलावलंय.

म्विझाला सांगितलं. तिने जेलचं भांडं जवळ ओढलं, स्वतःच फ्रॉक वर केला. "घाबरू नका सिस्टर. आधी माझं, मग तुमचं."

संध्याकाळी जुनं रजिस्टर काढून बसले. चार वर्षांत 'झडप टोवेरासारखी' – एकोणीस मुलं, सगळी 'ठीक' म्हणून घरी पाठवलेली. राजधानी थांबेल. उद्या पहिल्या बोटीने मशीन घेऊन त्यांच्या गावांकडे निघते. आजी जेल शिजवून देतेय.