त्याला नावं ठेवू नका

४ नोव्हेंबर
आलो एकदाचे सावेडीत! मी आणि माझी सहा वर्षांची मोनिका. तिची आई गेल्यापासून आम्ही दोघंच. चर्चचे पाळक घडवणाऱ्या इथल्या छोट्या विद्यालयात ग्रीक शिकवायचं आणि जवळपास झालेला ग्रीक-मराठी धर्मशब्दांचा कोश पुरा करायचा. पुण्यात मला काढलं, कारण वर्गात म्हणालो की आपल्या धर्मसिद्धान्तांची अर्धी भाषा ग्रीकांची आहे. खरं बोलायची हौस तिथेच फिटली. बंगला झकास, हवेशीर. गच्चीला तेवढा कठडा नाही. प्राचार्य भिंगारदिवे महिनाभरात बांधून देतो म्हणालेत.

७ नोव्हेंबर
स्वयंपाकाला रंगुबाई येतात. तीन पिढ्यांच्या ख्रिस्ती, रविवारची उपासना चुकवत नाहीत. तरी भाकरीचा पहिला तुकडा जिन्याच्या पायरीवर ठेवतात. ही जागा राखणाऱ्या जागेवाल्यासाठी म्हणे. "लई भला हाय तो. फकस्त त्याला नावं ठेवू नका, सर." मला हसू आलं. मी कशाला कुणाला नावं ठेवू!

१२ नोव्हेंबर
चेंडूमागे मोनिका गच्चीच्या अगदी कडेला गेली होती. मी पोचेपर्यंत आपसूक थांबली. म्हणते, कानाशी कुणीतरी 'नको' म्हणालं. सॉक्रेटिसलाही असाच आवाज ऐकू यायचा. 'कर' असं कधी म्हणायचा नाही, फक्त अडवायचा. ग्रीक अशा सोबत्याला दैमोन म्हणत, त्यात वाईट काही नव्हतं. मग आपले धर्माचार्य आले. ग्रीकांचा 'लोगोस', म्हणजे शब्द, त्यांनी ख्रिस्तासाठी उचलला, आणि दैमोनांना सैतानाच्या पंगतीत ढकललं.
मी जिन्याकडे बघून हात जोडले. कुणी बघितलं नाही.

१९ नोव्हेंबर
कोशात 'दैमोन'पुढे मी लिहिलं होतं: राखणारा; नंतरच्या वापरात भूत. भिंगारदिव्यांनी 'राखणारा' खोडलं. नुसतं 'भूत' ठेवा, नाहीतर पुण्याची गाडी धरा, असं गोड हसून सांगितलं. मोनिकाची शाळा नुकती सुरू झालीय. मी माझ्या हातानं लिहिलं, भूत. वर सहीसुद्धा केली. विद्वान म्हणवतो स्वतःला! थू!

२० नोव्हेंबर
पायरीवरचा तुकडा काळा पडलेला. काय केलंत, रंगुबाईंनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी पदर तोंडाला लावला. "ठिवलंत त्याचं नाव? मंग आता तो तसाच वागनार." काम सोडून गेल्या. मी टीका करण्याचं समजलो होतो. त्या बारशाचं बोलत होत्या.

२२ नोव्हेंबर
मोनिका सारखी जिन्यात बसते. आता तो 'नको' म्हणत नाही, म्हणाली. 'ये' म्हणतो. गच्चीच्या दाराला कुलूप घातलं.

२३ नोव्हेंबर
कुलूप उघडं. किल्ली माझ्याच खिशात —
भिंगारदिव्यांना फोन केला, तो शब्द बदला, पाया पडतो. कोश छापायला गेला म्हणाले.

२४ नोव्हेंबर, दुपार
बॅगा भरल्या. रिक्षा बोलावली. ही वही उचलायला वळलो तेवढ्यात मोनिका —
गच्चीत. कडेला. समोर बघून हसतेय. समोर कुणी नाही.
मी दारात. पाय उचलत नाहीत. ओरडतोय, आवाज फुटत नाही. हात तेवढा चालतो —
वळून बघितलं तिनं. अक्षरं लावून वाचते ती. 'मागे फिर' असं मोठ्ठं लिहून वही धरतो —
मोनिका, पुढे जा