ह्यांच्यासाठी पाहिलेलं पाणी

१२ नोव्हेंबर
डोळ्यांच्या डॉ.कडे. तिसरं इंजेक्शनही वाया. पडद्याचा मधला भाग गेला, कडेचं दिसत राहील म्हणाले. म्हणजे ह्यांना दार दिसतं, दारात कुणी उभं आहे कळतं, पण चेहऱ्याच्या जागी धुकं. माझ्यासुद्धा. घरी आल्यावर ह्यांनी सूक्ष्मदर्शक काढला, पुसला, परत कपाटात. आयुष्यभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, निवृत्तीनंतरही रोज सकाळी पाण्याचा एक थेंब बघितल्याशिवाय चहा नाही. आता...

१९ नोव्हें.
मीच म्हटलं, "मी बघते, तुम्ही ओळखा." आधी चिडले. मग खुर्ची ओढून शेजारी बसले. बाल्कनीतल्या कमळाच्या कुंडीतलं पाणी.
"काय दिसतंय?"
"लवंगा. देठावर उभ्या. मध्येच देठ आवळून खाली बसतात."
"व्हॉर्टिसेला!" किती दिवसांनी हसले. मी पोस्टात नोकरी केलेली बाई, मला ह्यातलं शून्य कळतं. पण दुसरा थेंब मीच काचेवर टाकला.

२ डिसेंबर
रोज बसतो आता. चपलेच्या तळव्यासारखा दिसला की पॅरामेशियम. तोंडाशी दोन चाकं फिरल्यासारखी वाटली की रोटिफर. ह्यांना हायड्रा हवाय. "दोऱ्याएवढा असतो, टोकाला हात." कुंडीत नाही मिळत. रोज विचारतात.

९ डिसें.
ह्यांना सत्तर पूर्ण. मुलीचा फोन, दोन मिनिटं, मीटिंग होती तिची. तोंड एवढंसं झालं. थेंबातही आज काही नाही. मला राहवेना. म्हटलं, "अहो, हायड्रा! पोहत निघालाय बघा."
खुर्ची मागे सरकवली. मग हळू आवाजात, "सुमन, हायड्रा चिकटून बसतो गं. असा पोहत नाही निघत."
ओरडले असते तर बरं झालं असतं.
"आजवर सांगितलंस त्यातलं खरं किती?"
सगळं खरं होतं, एवढं एक सोडून. तसं सांगितलं. पण माझा आवाज मलाच खोटा वाटला.

१८ डिसें.
सूक्ष्मदर्शकावर टॉवेल टाकून ठेवलाय. दिवसभर रेडिओ. जेवताना ताटाबाहेर भात सांडला, मी उचलायला गेले तर "राहू दे". एवढंच बोलणं आजचं.

२३ डिसें.
ताराबाईंकडे मखमलाबादला. दारावर झेंडू-शेवंती देतात त्या. म्हटलं, तुमच्या मळ्यातल्या हौदाचं पाणी हवंय. "पाणी? अवो लय घाण हाय ते, शेवाळ हाय नुसतं." म्हटलं, तेच पाहिजे. हसल्या, पण बरणी भरून दिली, हिरव्या काड्या-पानांसकट. ह्यांना सांगितलेलं नाही.

२७ डिसें.
चार दिवस एकेक पान उलटून बघतेय. आज दिसला. पानाच्या खालच्या अंगाला चिकटलेला, भुरका, बारीक. हात सहा. दोनदा मोजले. सुईनं हलकं टोचलं तर सगळाच आक्रसून गोळा झाला, मग हळूहळू एकेक हात बाहेर. धावत गेले.
"अहो, खरंच आहे! चिकटलेलाय, सहा हात आहेत."
"असेल."
रेडिओचा आवाज वाढवला.
स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडले. चूक माझीच, कुणाला बोलणार?

२८ डिसें.
चहा झाल्यावर आपणहून आले, भिंतीला हात लावत. मी पान काचेवर ठेवून थेंब टाकला. खुर्चीत बसले. बोटं बरोबर फोकसच्या चाकावर गेली, डोळ्यांची गरजच नाही त्यांना. डोळा लावला, मान तिरपी केली, कडेनं बघायला. सरळ केली, परत तिरपी. किती वेळ.
"दिसला," म्हणाले.
थोड्या वेळानं, "छान आहे."
मी हात किती ते विचारलं नाही. त्यांनीही सांगितले नाहीत. खरंच दिसला, की मला बरं वाटावं म्हणून... ते उठल्यावर मी डोळा लावून बघणार होते. नाही बघितलं. तसंच पान बरणीत सोडलं.