ती डिस्क कोणी जोडली

प्रिय धाकटे,

माझं पत्र बघून तू आधी पाकीट उलटंपालटं करशील, मग भाऊजींना हाक मारशील. मारू नकोस. आधी एकटीने वाच. फोन केला असता, पण फोनवर तू मध्येच रडतेस, नाहीतर 'ताई, गाडीत आहे गं, नंतर करते' म्हणतेस, आणि तुझं ते नंतर काही उजाडत नाही. कागदाला मध्येच तोडता येत नाही, म्हणून आज निवांत बसून लिहितेय.

तू मशीनरूमची प्रमुख झालीस हे मला कुरिअरच्या काउंटरवर कळलं. आपला जुना स्टोअरकीपर पार्सल टाकायला आला होता. मला लेबलं चिकटवताना बघून बिचारा ओशाळला, आणि ओशाळलेला माणूस सुटतो तसा बोलत सुटला. तुझी काचेची केबिन, नवीन मेनफ्रेम, तुझ्या हाताखालची पोरं. 'मॅडमनी तुमच्या घराण्याचं नाव काढलं बघा,' म्हणाला आणि लगेच जीभ चावली. मी त्याला पावती दिली, सुटे परत केले आणि म्हटलं, हुशारच आहे ती पहिल्यापासून. अभिनंदन, बाळा. अगदी मनापासून.

तुझा पहिला दिवस आठवतो का? गारठलेल्या त्या खोलीत माझाच स्वेटर घालून उभी होतीस. कपाटाएवढं काळं यंत्र बघून म्हणालीस, 'एवढंच? मला वाटलं सर्व्हर शेकडो असतील.' मी सांगितलं, शेकडोच आहेत, पण सगळे या एकाच कपाटात राहतात. एका इमारतीत बिऱ्हाडं असावीत तसे लिनक्सचे सर्व्हर, प्रत्येकाला वाटतं की हे घर आपल्या एकट्याचं आहे. आणि त्या सगळ्यांच्या वर बसून कोणाला किती मेमरी, कोणाला किती डिस्क ते वाटणारी जी प्रणाली, तिला तूच 'घरमालक' म्हणायला लागलीस. पुढे सगळा विभाग म्हणायला लागला. घरमालक आज कोपलाय, घरमालकाने दाद दिली नाही. तू हसवायचीस आम्हाला. तुला शिकवताना मला जेवढं सुख झालं तेवढं मला माझ्या आयुष्यात दुसऱ्या कशानेही झालं नाही. हे टोमणा म्हणून लिहीत नाही. खरंच आहे ते.

म्हणूनच त्या दिवशी जेवताना तू फुशारकी मारलीस तेव्हा मलाही कौतुकच वाटलं. सगळ्या हॉस्पिटलांची रुग्णांची माहिती ज्या सर्व्हरवर होती, त्याची जागा भरत आली होती, आणि तू तो बंद न करता, चालता चालता, त्याला नवी डिस्क जोडून दिली होतीस. आईने तुझ्या पानात आणखी वाढलं. मी एवढंच विचारलं, 'कायमची नोंद केलीस ना? नाहीतर रीस्टार्ट झाला की विसरेल तो.' तू म्हणालीस, 'ताई, मी काय कालची आहे का?' आणि आई म्हणाली, 'जेवू दे गं तिला सुखाने.'

मग तो रविवार. काही महिन्यांनी. कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, अपडेट टाकून तो सर्व्हर रीस्टार्ट करायचा होता, आणि पाळी माझी होती. तुझी सुट्टी होती, तरी मी तुला फोन केला. 'या सर्व्हरवर तुझं काही अर्धवट राहिलंय का?' मागे तुझी मुलं भांडत होती. 'नाही गं, कर तू बिनधास्त.' मी केलं. सर्व्हर बंद झाला आणि परत उठलाच नाही. नेटवर्क नाही, लॉगिन नाही. उरला फक्त घरमालकाचा तो काळा कन्सोल, जिथे एडिटरसुद्धा चालत नाही, चालू काम थांबवायला कंट्रोल-सी दाबायचं तर टोपीचं चिन्ह टाइप करून पुढे सी लिहावा लागतो. त्याच्यावर एकच ओळ येऊन थांबली होती, की अमुक व्हॉल्यूमची, म्हणजे डिस्कवरच्या कप्प्याची, वाट पाहून थकलो, आता इमर्जन्सी मोडमध्ये बसतो.

मी घरमालकाला विचारलं, याला डिस्क किती दिल्यात? मग लिनक्सला विचारलं, तुला किती दिसतात? एक कमी होती. कोणती, ते नंबर बघताक्षणी मला कळलं. मी ती हाताने चालू करणार, तेवढ्यात मोठेसाहेब धावत आले. त्यांना अपडेटवर संशय होता. 'हात लावू नका! बॅकअपवरून घ्या सगळं.' मी म्हटलं, साहेब, डिस्कच दिसत नाहीये, पाच मिनिटांचं काम आहे. ते म्हणाले, 'तुम्हीच पाडलाय ना? मग तुम्हीच कशाला शहाणपणा शिकवताय?' मला खुर्चीवरून उठवलं. दुपार होईपर्यंत बॅकअप उतरवत बसले, तोही त्याच अदृश्य डिस्कपाशी येऊन अडकला. मग वैतागून म्हणाले, करा काय करायचं ते. मी डिस्क चालू केली, व्हॉल्यूम जागे केले, कायमची नोंद केली, उठताना सर्व्हर आधी वाचतो ते बूट रेकॉर्ड नव्याने लिहिलं. सर्व्हर आला. मोठेसाहेबांनी माझ्याकडे न बघता घाम पुसला.

तोपर्यंत हॉस्पिटलांमधल्या संगणकांचे सगळे पडदे काळे होते. एका वॉर्डात एक घड्याळजी बेशुद्ध आणून ठेवला होता. कोणतं इंजेक्शन त्याला चालत नाही हे त्या पडद्यावर लाल अक्षरांत लिहिलेलं असायचं. नर्सने त्याला विचारलं असतं, पण तो बोलत नव्हता; तिने नेमकं तेच दिलं. त्याची बायको औषधं आणायला खाली गेली होती. ती पिशवी घेऊन वर आली तेव्हा पलंगाभोवती पडदा ओढलेला होता.

तू त्या संध्याकाळी आलीस ऑफिसात. जिन्यापाशी मी तुला गाठलं. 'ती डिस्क तुझी होती,' म्हटलं. तू नाही म्हणाली नाहीस, तेवढा प्रामाणिकपणा तुझ्यात होता. तू म्हणालीस, 'ताई, मला दोन लेकरं आहेत. तुझ्यामागे कोण आहे?' मला वाटलं, ताकीद मिळेल, बढती अडेल, त्याहून काय होणार? घेऊ अंगावर. बहीण आहे.

त्या मृत्यूच्या चौकशीत समितीला मी डिस्क दिसत नव्हती एवढंच सांगितलं, कोणी जोडली ते बोलले नाही. कोणी विचारलंही नाही. त्यांना रीस्टार्टचं बटण कोणी दाबलं एवढ्यातच रस होता. माझ्यानंतर तुला बोलावलं. दाराची फट उघडी राहिली होती हे तुला माहीत नव्हतं. मी बाकावर बसून ऐकत होते. तू म्हणालीस, 'ताई हल्ली विसरते. घरीसुद्धा. परवा गॅस चालू ठेवून बाहेर गेली होती. आम्हाला काळजीच वाटते तिची.' किती प्रेमाने म्हणालीस! तुझा आवाज भरून आला होता. समितीतल्या बाईंनी तुला पाणी दिलं.

गॅस आईने चालू ठेवला होता. तुला माहीत होतं, मला माहीत होतं, आईलाही माहीत होतं. मी घरी जाऊन आईला म्हटलं, तू सांग त्यांना. आई बटाटे सोलत होती. मान वर न करता म्हणाली, 'दोघींच्या नोकऱ्या घालवून काय मिळणार? तुझं काय, एकटा जीव. कुठेही भागेल.' दुसऱ्या दिवशी माझं ओळखपत्र सगळ्यांसमोर काढून घेतलं. ज्या पोरांना मी कन्सोल धरायला शिकवलं ती आपापल्या स्क्रीनमध्ये तोंडं खुपसून बसली. तू त्यांच्यातच होतीस. कारण 'कामास मानसिकदृष्ट्या अयोग्य' असं लिहिलं, त्यामुळे पुढे कुठल्याही सर्व्हरजवळ मला कोणी उभं केलं नाही. आणि गंमत बघ, घरातही ते खोटं तुम्ही मोडलं नाहीत. आई मला चहा करू देईना. तुझी मुलं विचारायची, 'मावशी, तू मला ओळखलंस ना?' भाऊजी माझ्याशी मोठ्याने आणि सावकाश बोलायचे. मी कुलूप लावून जिना उतरायचे आणि पुन्हा वर जाऊन ओढून बघायचे, कारण तुम्ही सगळे एवढ्या खात्रीने सांगत होतात. मग मी घर सोडलं. त्यावर आई म्हणाली, बरं झालं, शेवटी तिलाच कळलं.

घड्याळजींची बायको मला त्या नव्या खोलीवर शोधत आली. पेपरात माझंच नाव होतं. मला वाटलं शिव्या देईल, थुंकेल. ती जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली, गुडघे चोळले आणि म्हणाली, 'त्या दिवशी काय झालं ते सांगा.' मी सांगितलं. तिला समजलं नाही. ती गेली. पुढच्या सोमवारी पुन्हा आली. सोमवारी मला सुट्टी असते हे तिने कुरिअरवाल्यांकडून काढून घेतलं होतं. 'परत सांगा.' अशी ती येत राहिली. पावसात आली, तापात आली, दात काढलेल्या दिवशी गालाला फडकं बांधून आली. मी दार उघडलं नाही तर पायरीवर बसून राहायची, ओरडायची नाही, काही नाही. शेजारणी मला विचारायच्या, कोण हो त्या आजी? मी काय सांगू? एकदा मी तिच्या अंगावर ओरडले, की मेलाय तो, आता कितीदा ऐकणार? ती म्हणाली, 'तुम्हाला सांगून कंटाळा आला, मला अजून कळलं नाही.' आणि बसूनच राहिली.

कोणावर केस नाही करायची तिला. भरपाईचा कागदही तिने सही न करता परत पाठवलाय. तिला फक्त कळून घ्यायचंय. मग मीही शिकवायला बसले, जसं तुला शिकवलं तसं. इमारत, बिऱ्हाडं, घरमालक. चालू सर्व्हरला जोडलेली डिस्क कायमची नोंदवली नाही तर तो चालू आहे तोवर सगळं ठीक दिसतं, आणि एकदा बंद होऊन उठला की त्याला ती आठवत नाही. ती शाळेतल्या मुलीसारखी ऐकायची. मध्येच थांबवायची, 'थांबा, बंद होईपर्यंत कोणालाच कळत नाही?' नाही कळत, मी म्हणायचे. हे असं किती काळ चाललं ते मी मोजलं नाही. माझे केस तिच्यासमोर पांढरे झाले.

या सोमवारी तिने सगळं ऐकून घेतलं, पहिल्यांदाच मान डोलावली. मला वाटलं, सुटले. ती उठली, कठडा धरला, आणि वळून म्हणाली, 'बाई, तुम्ही तर बटण दाबलंत. मग ती डिस्क कोणी जोडली?'

समितीने जे विचारलं नाही, मोठेसाहेबांनी विचारलं नाही, आईने विचारलं नाही, ते तिने विचारलं. मी खोटं बोलू शकले असते. त्या क्षणी मला तुझा चेहरा आठवला, स्वेटरमधला, आणि मी एकदा, शेवटचं, त्याच्याकडे बघितलं. मग तिला आत बोलावलं, खुर्ची दिली आणि सांगितलं. तुझं नाव सांगितलं, तुझं-माझं नातं सांगितलं, चौकशीतलं तुझं बोलणंही शब्दशः सांगितलं. गॅसचंही. ती म्हणाली, 'तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?' मी म्हटलं, तुम्ही विचारलं नव्हतंत.

तर पत्र यासाठी, की ती येत्या सोमवारी तुझ्याकडे येतेय. मी घराचा पत्ता दिलाय, बस कुठली, उतरायचं कुठे, तेही समजावलंय. ऑफिसात जाऊ का विचारत होती, मी म्हटलं नको, तिथे पहारेकरी हाकलतील, घरीच जा. रजा टाक. ती सकाळी मुलं नाश्त्याला बसतात त्या सुमाराला पोहोचेल. दार उघड, कारण नाही उघडलंस तर ती बसून राहते आणि शेजारी विचारायला लागतात. पाठीला टेकू असलेली खुर्ची दे, गुडघे वाईट आहेत तिचे. चहा घेत नाही, पाणी घेते. तांत्रिक शब्दांच्या मागे लपू नकोस, तिला मी सगळं शिकवलंय, तू चुकवलंस तर ती तुला दुरुस्त करेल. रडू नकोस, रडलीस तर ती थांबते, तू शांत झालीस की पुन्हा तेच विचारते. आणि एका सोमवारी उरकेल असं समजू नकोस. मी मात्र त्या दिवशी उशिरापर्यंत झोपणार आहे.

तुला अंगाखांद्यावर खेळवणारी, तुझीच
ताई