बोंडी कुत्रंच हाये

अमरावती,
५ नोव्हेंबर २०२४

ती. बाबांस,
रागिणीचा सा. न. वि. वि.

काल मधातच फोन ठेवला म्हणून राग मानू नका. फोनवर तुमाले ऐकू येत नाही आन् मी वरडली का सगळ्या गल्लीले ऐकू येते. शेजारच्या काकूनं लगेच विचारलं, कोणतं पिलू व? म्हणून पत्र लिहून राहिली. यात तुमाले मधात बोलताबी येत नाही.

आपल्या वाघी कुत्रीले पाच पिल्लं झाले. चार नर हाये, ते लोकांनी सांगून ठेवले, एक मादी उरली. तुमी म्हणता तिचं पाहून घेऊ. बाबा, तुमचं पाहून घेणं मले माहीत हाये. मी सातवीत होती. तुमी पोत्याचं तोंड सुतळीनं बांधलं, सायकलले लटकवलं आन् पुलाकडं गेले. आले तवा पोतं रिकामं, घडी केलेलं. हात धुऊन जेवायले बसले. मायनं वाढलं. कोणी काही बोललं नाही, मीबी नाही. आता बोलते. ते पिलू मले पाहिजे.

मनोजनं हो म्हटलं हाये, म्हणजे नाही म्हटलं नाही. सासूबाईले सांगायचं बाकी हाये. मागच्या पडवीत खोका ठेवला, वायरी वर बांधल्या, चपला उचलल्या, जंताचं औषध आणलं. लॅबमधून मी दोनले घरी येते, तवापर्यंत मनोजची सेकंड शिफ्ट असली का तो पाहीन. सगळं तयार हाये, फक्त कुत्रं कमी हाये.

गुडघ्याले तेल लावत जा. माया तशीच ठेवा, आन् पोतं काढू नका.

तुमची,
रागिणी


अकोला,
१२ नोव्हेंबर

चि. रागिणीस,
अ. उ. आ.

पत्र भेटलं. पोत्याचं काहून काढलं मधातच? सगळेच तसं करत. मादी वर्षाले दोनदा पिल्लावते, मंग निस्तरत बसा. तुले वावरातलं काय समजते, तू रक्त तपासणारी.

पिलू देतो. पण चाळीस दिवसाचं होऊ दे, मायचं दूध सुटू दे. २४ तारखेले देवानंदचा भाजीचा टेम्पो अमरावतीले येऊन राहिला, त्याच्याजवळ देतो. खोक्यात वाघीच्या अंगाले घासलेलं फडकं ठेवतो. ते धुवू नको. मायचा वास असला का रडणं कमी होते.

वळण लावायचं म्हणशीन तर मले कुत्र्याचं माहीत नाही, आमचे कुत्रे आपल्या मनानं शिकले. पण गोऱ्हे मी जुंपाले शिकवले हाये. एका कामाले एकच शब्द. आज एक आन् उद्या दुसरा म्हटला का गोऱ्हाबी चक्रावते. खाताना मारायचं नाही. चुकलं तर तवाच बोलायचं, घंट्याभरानं नाही. थकलं का सोडून द्यायचं. इकडं लोक पिलाचे कान कापतात, म्हणे तिखट होते. तुले विचारल्याशिवाय कापत नाही.

खोक्यात आणखीन एक पुडकं ठेवतो. ते तूच उघडजो.

लोभ तर हायेच, तो कुठी जाते.

तुहा बाप,
सूर्यभान


अमरावती,
३० नोव्हेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पुडकं मी नाही, सासूबाईनं उघडलं. चार बाया बसल्या होत्या. आधी टोपडं निघालं, मंग झबलं, मंग मायनं मरायच्या आधी माह्या लेकरासाठी करून ठेवलेले चांदीचे वाळे. खोक्यात पिलू कुईकुई करून राहिलं आन् बाया वाळ्याकडं पाहून राहिल्या. मंग सीमा जाऊबाईनं माह्या पाठीवर हात ठेवला आन् म्हणे, असू दे व, तेवढंच मन रमते.

बाबा, नऊ वर्षं लोकं माह्याकडं असे पाहून राहिले. तुमीबी? मी मन रमवायले कुत्रं नाही आणलं. मी आन् मनोजनं दवाखाने बंद केले, त्याले दोन वर्षं झाले. आमी दोघांनी ठरवलं, आमी मजेत हाओ, आमच्यासाठी कोणी रडायचं नाही. हे कुत्रं हाये. मले लहानपणापासून पाहिजे होतं आन् तुमी घरात घेऊ देत नव्हते, म्हणून आता आणलं. एवढंच हाये. याच्या मागं काही नाही.

वाळे देवानंदजवळ वापस पाठवले. झबल्याचं फडकं केलं, मुतलेलं पुसायले कामी येते.

पिलू पांढरं हाये, कापसाच्या बोंडावानी, म्हणून बोंडी. कान कापायचं नाव काढू नका. दर दोन घंट्यानं अंगणात नेते, तिथं केलं का शाबासकी आन् भाकरीचा तुकडा. सहा दिवसांत शिकीन असं यूट्यूबवाला म्हणते. ती मात्र अंगणात फिरून येते आन् घरात येऊन पायपुसण्यावर बसते. तुमचं एका शब्दाचं बरोबर हाये, पण या घरात मी म्हणते बस, मनोज म्हणते सिट, आन् सासूबाई म्हणतात मर तिकडं. ती फक्त सासूबाईचं ऐकते.

रागावली तरी तुमचीच हाओ.

रागिणी


अमरावती,
९ डिसेंबर

रा. रा. सूर्यभानजी व्याही यांसी,
पार्वताबाईचा नमस्कार वि. वि.

तुमाले पत्र लिहायची पाळी आली, माफ करा. तुमच्या पोरीनं आणलेल्या कुत्रीनं परवा माह्या महिन्याभराच्या वाती खाऊन टाकल्या. बसून वळल्या होत्या मी. मंग दोन दिवस ते कापूस मागून निघून राहिलं आन् तुमची पोरगी हातमोजे घालून तपासून राहिली. लॅबवाली सून केली, आता बोलू कोणाले?

मी तिले हात लावत नाही. दूध देते, तेबी साय निघालेलं असलं तरच, कारण उपाशी ठेवायचं पाप माह्या डोक्यावर नको. पण घरात मादी कुत्री लोकाले खपत नाही. आमचे भाऊजी महादेवराव म्हणतात, वहिनी, रविवारी आपण चिखलदऱ्याले जाऊन राहिलो, घाटात सोडून देऊ, मोकळं वातावरण हाये. रागिणीले मी सांगितलं. ती हसली. तिचं हसणं मले बरं वाटलं नाही.

मागून म्हणाल सांगितलं नाही, म्हणून कळवलं. राग नसावा, येणं-जाणं असावं.

आपली,
पार्वताबाई


अकोला,
१२ डिसेंबर

चि. रागिणीस अ. उ. आ.

व्याहीणबाईचं पत्र आलं. बाई, वाद नको करू. कुत्र्यापायी घर मोडू नको. देवानंद शनिवारी तिकडं येते, पिलू त्याच्याजवळ देऊन दे. मी ठेवतो वावरात, पोत्यात नाही टाकत, तुह्या मायची आण. वाळ्याचं चुकलं माह्यं. पेटी उघडली का ते दिसत, म्हणून.

सूर्यभान


अमरावती,
१६ डिसेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र शनिवारी भेटलं, देवानंद दारात उभा असताना. मी त्याले चहा पाजला आन् रिकाम्या हातानं पाठवलं. वापस द्यायले बोंडी काय साडीचा पीस हाये?

घरी ठेवून लॅबमध्ये गेली असती तर एखाद्या दिवशी कोणी गुपचूप नेली असती. म्हणून जे होईन ते माह्या डोळ्यापुढंच होऊ दे म्हटलं आन् रविवारी मीच तिले घेऊन पहिली गाडीत बसली. महादेवकाका म्हणे, हे बरं केलं, समजदार पोरगी. मी बोंडीले मांडीवर घेतलं.

घाटात एका वळणावर काकानं गाडी थांबवली, दार उघडलं, बोंडीची मान पकडून खाली ठेवलं. ती तिथंच बसली. थंडीनं कापून राहिली होती. मी उतरली, तिले उचललं, दार लावलं आन् म्हटलं, जा तुमी. काकाले वाटलं गंमत हाये. मी खाली चालू लागली. ते गाडी रिव्हर्स घेत घेत माह्या बाजूनं यायले लागले, काच खाली करून. म्हणे, अवो, लेकरावानी काय करून राहिली. मी म्हटलं, लेकरावानी नाही, कुत्र्यावानीच करून राहिली. पाळलेलं कुत्रं मी रस्त्यावर सोडत नाही. लेकरू असतं का नसतं, तरी सोडलं नसतं.

तवा काका बोलले. वांझ बाईले कुत्रंच गोड लागते, म्हणाले.

गाडीतून पहिला आवाज सासूबाईचा आला. भाऊजी, थांबवा गाडी. त्या उतरल्या, गुडघे धरत, एक हात दाराले. म्हणाल्या, हिले बोलायचं असीन तर मी बोलीन, मी सासू हाओ. तुमी कोण? कुत्री सोडू म्हटलं होतं, सून सोडू म्हटलं नव्हतं. आन् पदर खोचून माह्यापुढं चालू लागल्या, त्या दुखऱ्या पायानं! मनोज बसून होता. मी मागं पाहिलं नाही, पण मनात म्हटलं, आज हा बसला तर मंग बसूनच राहू दे. वीस पावलं गेली असीन. मागं दार वाजलं. तो जेवणाचा डबा घेऊन येऊन राहिला होता, बायको विसरीन पण डबा नाही. काका एकटेच वर गेले, पाच जणाची गाडी घेऊन.

आमी तिघं रस्त्याच्या कठड्यावर बसून जेवलो. मंग खाली जाणारी जीप भेटली. जीपवाला म्हणे, कुत्रं नाही चालत. सासूबाई म्हणाल्या, मंग आमीबी नाही चालत, तू उतर आन् आमाले उचलून ने. त्यानं घेतलं.

घरी आल्यावर बोंडीनं पायपुसण्यावरच केलं. सासूबाईनं मर तिकडं म्हटलं आन् पुसलंबी त्यांनीच. मले सांगून ठेवलं, देवघरात पाऊल टाकलं तर दोघींले बाहेर काढीन. मी म्हटलं, कबूल.

काळजी करू नका, घर मोडलं नाही. मोडलं असतं तरी मी चालत आली असती.

तुमची,
रागिणी


अकोला,
२१ डिसेंबर

चि. रागिणीस अ. उ. आ. व्याहीणबाईले माहा दंडवत सांगजो, नमस्कार नाही, दंडवत.

पोत्याचं तू पहिल्या पत्रात लिहिलं, मी उडवून दिलं. सायकलवर मी किती डाव गेलो ते मले माहीत हाये. पुलावरून घरी येईपर्यंत मागं पाहत नसो. सगळेच करत, हे खरं हाये, पण पोतं माह्या हातात होतं.

काल वाघीले जनावराच्या दवाखान्यात नेलं, ऑपरेशन केलं, आता पिल्लं होणार नाही. आटोवाल्यानं बसू दिलं नाही, म्हणून हातगाडीवर पोतं अंथरून तिले वर बसवलं आन् बाजारातून ढकलत नेलं. पिंटूच्या दुकानापुढं पाच-सात जण हसले. म्हणे, बुढ्याले याड लागलं, कुत्रीची मिरवणूक काढली. मी गाडी थांबवली आन् त्यायले सांगितलं, वापसीलेबी इथूनच येतो, बसून राहा. आलोबी. तवा कोणी नव्हतं.

बोंडीले आशीर्वाद पाठवत नाही. कुत्र्याले आशीर्वाद काय करायचा? तिले माह्या नावानं एक हाडूक देजो, सासूले विचारून, आन् देवघरापासून दूर.

तुहा बाप,
सूर्यभान