ऐकीव वाट

ता. ४ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझ्या इस्पितळात काही घोळ झाला आणि तुला साहेबांपुढे उभं राहावं लागलं, असं मधलीच्या पत्रातून कळलं. तिने 'यंत्रं आपसात भांडली' एवढंच लिहिलंय. तिखटमीठ लावायची तिची सवय तुला ठाऊक आहे, म्हणून तुलाच विचारतो. छापखान्यात मुद्रितं तपासणाऱ्या माणसाला कळेल असं लिही.

माझा गुडघा कुरकुरतो, बाकी ठीक. काका मजेत आहेत, असं मधली लिहिते. एकटं राहायचा हट्ट आणि फोन बंद ठेवायची खोड, दोन्ही अजून सुटलेली नाहीत.

रागावू नकोस, पण वेळेवर जेव.

तुझा,
दादा

ता. ११ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

भांडण कसलं, उलट नको इतका विश्वास! आमच्या इस्पितळाला सहा दवाखाने तारांनी जोडलेत. प्रत्येक ठिकाणी एक राउटर, म्हणजे संदेशांना वाट दाखवणारी पेटी. पूर्ण नकाशा एकाकडेही नसतो. दर अर्ध्या मिनिटाला प्रत्येक राउटर शेजाऱ्याला आपली यादी ऐकवतो, की अमक्या दवाखान्याला पोचायला माझ्यापासून दोन टप्पे. ऐकणारा त्यात एक मिळवून तीन लिहितो आणि पुढे सांगतो. ज्याचा आकडा सगळ्यांत लहान, त्याच्या हाती संदेश द्यायचा. सगळा कारभार ऐकीव, पण एरवी बिनबोभाट चालतो.

त्या दिवशी टोकाच्या दवाखान्याची तार सांध्यात ढिली झाली. कधी लागायची, कधी तुटायची. तुटली की लगतच्या राउटरने 'वाट नाही' म्हणायला हवं. पण त्याआधीच त्याचा शेजारी सांगायचा, माझ्याकडे दोन टप्प्यांची वाट आहे. ती वाट याच्याच भरवशावरची, हे याला कुठून कळणार? याने तीन लिहिले, ते ऐकून त्याने चार, मग याने पाच. आकडा सोळावर गेला की वाट नाहीच असं धरायचा नियम आहे. तोवर संदेश दोघांत चेंडूसारखे फिरून मरायचे आणि आमच्या पडद्यावर मात्र सगळं आलबेल.

तिकडे छातीत कळ आलेला एक ट्रकचालक होता. त्याच्या हृदयाचा आलेख आमच्या डॉक्टरांना मिळाला, पण ताबडतोब हलवा हे त्यांचं उत्तर तीनदा वाटेत विरलं. तिथल्या नर्सने उत्तराची वाट न बघता त्याला गाडीत घातलं, म्हणून तो वाचला.

यावर उपाय साधा आहे. ज्याच्याकडून वाट कळली, त्यालाच ती परत ऐकवायची नाही. तो नियम मीच चाचणीसाठी बंद केला आणि चालू करायला विसरले. साहेब तारवाल्या ठेकेदारावर खापर फोडायला निघाले होते. मी लेखी कबुली दिली. नोकरीचं काय ते अजून कळलं नाही.

काका मजेत आहेत हे वाचून बरं वाटलं. मधलीलाही लगेच कळवलं.

कान उपटायचे तर उपट, पण अबोला धरू नकोस.

तुझी,
धाकटी

ता. २३ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मुद्रित तपासावं तसं दोनदा वाचलं. मग मधलीला फोन करून विचारलं, काकांशी तू शेवटची कधी बोललीस. ती म्हणाली, मी कुठे बोलले, मी तर तुझ्याच पत्रात वाचलं. आणि मी ते तिच्या पत्रात वाचलं होतं. जुनी पत्रं काढून बसलो. गेल्या उन्हाळ्यापासून आम्ही एकमेकांना तेच एक वाक्य पाठवत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळची बस धरली. काकांच्या खोलीचं दार उघडंच होतं. जूनमध्ये त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. खाली शिवणकाम करणारी बाई दोन्ही वेळा जेवण देते, अंग पुसते. घरच्यांचा पत्ता विचारला की ते भिंतीकडे तोंड फिरवायचे, असं ती म्हणाली. मला मान वर करवेना.

मी इथेच आहे, हे पत्रही इथूनच लिहितोय. जिना उतरता आला की त्यांना घरी नेईन. मधलीला मी स्वतः लिहिलंय. कबुली दिलीस ते चांगलं केलंस, नोकरीचं होईल ते होईल.

मी आत शिरलो तेव्हा त्यांनी उशाजवळची पाटी ओढली आणि डाव्या हाताने वाकडं अक्षर काढत विचारलं, कुणी पाठवलं. कुणीच नाही, मीच आलो, असं मी सांगितलं. त्यांनी बाहीने पाटी पुसली आणि अंग कसंबसं सरकवून पलंगावर मला बसायला जागा केली.

माया आहेच, ती पत्रापुरती ठेवू नकोस.

तुझा,
दादा